चार टोपल्यांचा पेशंट

उकंडरावांच्या घरात तीन महिन्यांपासून एक माणूस सुटा सुटा राहत होता. त्याचं पोट स्वयंपाकघरात शेगडीच्या वर चिकटवलेलं होतं, फुप्फुसं खिडकीशेजारी होती, हृदय देवघराच्या बाजूला होतं आणि मेंदू टीव्हीच्या डोक्यावर होता. टीव्ही लागला की मेंदूला काही काम उरत नाही, म्हणून ती जागा रिकामीच असते, असं सुनेचं म्हणणं होतं.

सून म्हणजे मंजुषा. शेलूबाजारच्या अलीकडच्या गावात राहून रोज जीपने वाशीमला जायची आणि तिथल्या एका संस्थेत नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करायची. शरीरातल्या संस्था आणि त्यांचे इंग्रजी शब्द एवढं पाठ करायचं होतं, की वहीने ते होणार नाही हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि सरळ तक्ते, म्हणजे तिच्या भाषेत चार्ट, चिकटवून भिंतींना कामाला लावलं. पोरगी हुशार, आणि त्याहून जास्त म्हणजे ती हुशार आहे हे तिला माहीत होतं. शब्द कसाही लांबलचक असो, ती त्याचं शेपूट धरायची. शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज, ‘अल्जिया’ आलं की दुखणं, ‘एक्टॉमी’ आलं की कापून बाहेर. सासूबाईंनाही या शेपटांची चटक लागली होती. सोजरबाई वांग्याचे देठ काढता काढता म्हणायच्या, “थांब वं बाई, एवढी देठेक्टॉमी होऊ दे, मंग चहा मांडतो.”

हा कोर्स पहिल्या फटक्यात पास होणाऱ्यांना वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात एक तारखेपासून नोकरी होती. नापास झालेल्यांना पुन्हा सहा महिन्यांनी बसायचं, आणि तोवर ती जागा कोणाचीतरी झालेली. त्यामुळे सगळं घर सुनेच्या परीक्षेला बसलं होतं. नवरा शिवम स्वतःच्या जीपमध्ये तिच्यासाठी पुढची सीट राखून ठेवायचा. आणि उकंडरावांनी तर कमालच केली. गुरांच्या गोठ्याला आपल्या वऱ्हाडात कोठा म्हणतात, आणि तो रोज झाडायचं काम मंजुषाकडे होतं. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी सासऱ्याने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, “परीक्षा होयेपर्यंत कोठ्याकडं सूनबाईनं पाहाचं बी नाई. कोठा मी साफ करीन.”

बासष्टाव्या वर्षी खराटा हातात घेतलेला हा माणूस मग ज्याला त्याला ते सांगत सुटला. दूध घ्यायला आलेल्याला सांगितलं, पानठेल्यावर सांगितलं, एकदा तर रॉंग नंबर लागलेल्यालाही सांगितलं. मंजुषाला याचं हसू यायचं, पण खरं सांगायचं तर तिचा ऊर भरून यायचा. माहेरी तिच्या बापाने कधी पाण्याचा पेला स्वतः उचलला नव्हता.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा शेवटचा तक्ता आला, स्नायुसंस्थेचा. हा पुरुषभर उंचीचा, अंगावरची कातडी काढलेला, लालभडक माणूस होता, आणि चित्रकाराने का कोण जाणे, त्याला वाटाण्यासारखे गोल डोळे काढून ठेवले होते. घरात भिंत शिल्लक नव्हती. मंजुषाने थोडा विचार केला आणि तो संडासाच्या दाराला आतून चिकटवला. तिथे दहा मिनिटं निवांत मिळतात आणि मधे कोणी हाक मारत नाही, हा तिचा हिशेब. तिच्यापुरता तो अगदी बरोबर होता.

परीक्षेची पद्धत त्या संस्थेची स्वतःची होती. प्रत्येक विद्यार्थिनीने येताना घरून एक पेशंट आणायचा. परीक्षकांसमोर त्याला शरीरातल्या एकेका संस्थेचे प्रश्न विचारायचे, तक्रारी ऐकायच्या आणि फॉर्मवर वैद्यकीय शब्दांत लिहायच्या. प्रश्न ‘रुग्णाशी संवाद’ या पुस्तिकेतलेच, शब्दही बदलायचा नाही. पेशंट बोलत असताना मधे तोंड घातलं तर पाच गुण कमी. पुस्तिका लिहिली होती साताऱ्याच्या इनामदार मॅडमनी, आणि परीक्षकही त्याच.

मंजुषाचा पेशंट ठरलेला होता. सोजरबाईंचे गुडघे दुखायचे, छातीत जळजळायचं, रात्री झोप नसायची. एका बाईत पाच संस्थांच्या तक्रारी, असा पेशंट नशिबानेच मिळतो. दोघींनी पंधरा दिवस सराव केला होता. पुस्तिकेत ‘कोठा साफ होतो का?’ असा एक प्रश्न होता. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा सोजरबाई म्हणाल्या होत्या, “तुया सासऱ्याले पूस, मले कायले पुसतं?” मग मंजुषाने सांगितलं, की तिकडच्या लोकांत पोटाला कोठा म्हणतात. सासू-सून तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तांबडी अडली. तांबडी म्हणजे घरची गाभण गाय, तीन दिवसांपासून आज-उद्या करत होती. सोजरबाईंनी पदर खोचला आणि सांगून टाकलं, “मी काई येत नाई. माह्या गायीचं आज हाय.”

“आत्याबाई, परीक्षा बी आजच हाय ना.”

“परीक्षेत माणूस पायजे ना कोनी? ह्यायले घेऊन जा.”

उकंडराव नुकतेच कोठ्यातून हात धुऊन आले होते. त्यांनी टोपी घातली. “मी येतो. पेशंटच व्हाचं ना? त्यात का मोठं हाय.”

“मामाजी, पण तुमाले काई होत असते का?”

“मले? मले काई नाई होत,” उकंडराव अभिमानाने म्हणाले, “पण तिथं बसाले का लागते?”

मंजुषाला धोका तेव्हाच दिसला. पण ती डगमगणारी नव्हती. जीपमध्ये दीड तास हातात आहे, तेवढ्यात सासऱ्याला दोन आजार पाठ करून घेऊ, असं तिने ठरवलं. जीपमध्ये चौदा माणसं होती. त्यातली नऊ गावातली, आणि उकंडरावांच्या मांडीला मांडी लावून सरपंचांचा भाऊ बसलेला. अशा ठिकाणी सुनेने सासऱ्याला पोट साफ होण्याबद्दल काय सांगावं? तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि एवढंच म्हटलं, “मामाजी, मी जे पुसीन त्याचं खरं खरं सांगा, अन् मोकळं बोला.”

“मी कधी बंद बोललो?” उकंडराव म्हणाले. हे मात्र सगळ्या जीपला मान्य होतं.

इनामदार मॅडम उंच, करड्या आणि काटेकोर होत्या. त्यांनी उकंडरावांना खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी फॉर्म घेऊन बसल्या आणि मंजुषाला म्हणाल्या, “सुरू करा.”

मंजुषाने सुरुवात झोकात केली. श्वसनसंस्थेपासून. “दम लागतो का?”

“नाई.”

“खोकला, कफ?”

“नाई बाप्पा.”

“छातीत दुखते का? धडधडते का?”

“मले कायले धडधडन?”

गुडघे ठीक होते, डोळे ठीक होते, झोप तर अशी होती की पडल्या पडल्या लागायची. श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, अस्थिसंस्था, मज्जासंस्था, सगळ्या गेल्या आणि फॉर्म कोरा राहिला. शेवटी ‘आयटिस’ असलेला एक शब्द नाही की ‘अल्जिया’ नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं. “पेशंटला तक्रारच नसेल तर मी गुण कशाला द्यायचे?” त्या म्हणाल्या.

उरली होती फक्त पचनसंस्था. मंजुषाला प्रश्न माहीत होता, त्यातला खड्डाही माहीत होता, पण शब्द बदलायची परवानगी नव्हती. तिने देवाचं नाव घेतलं आणि विचारलं, “कोठा साफ होतो का?”

उकंडरावांचा चेहरा उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या विषयावर आलं होतं. सूनबाई आपल्या शिकलेल्या मॅडमसमोर आपलं कौतुक करवून घेत आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते खुर्चीत सरसावून बसले.

“होते म्हंजे? पंधरा दिवसांपासून रोज मी स्वतः करून राह्यलो.”

मॅडमनी मान वर केली. “स्वतः करता? आपोआप होत नाही?”

“आपोआप कसा होईन, मॅडम? जोर लावा लागते. कंबर मोडते.”

मंजुषाने तोंड उघडलं. मॅडमनी तिच्याकडे न पाहताच बोट वर केलं. “पेशंट बोलतोय.” पाच गुण डोळ्यांसमोर आले आणि तिने तोंड मिटलं.

“दिवसातून किती वेळा?” मॅडमनी आता स्वतःच सूत्रं हाती घेतली होती.

“दोन डाव. पाहाटे एक डाव, सांजच्यापारी एक डाव.”

“प्रमाण किती असतं? थोडं की जास्त?”

“आज चार टोपले निघाले.”

मॅडमचं पेन थांबलं. “चार काय?”

“टोपले. शिगोशीग. एरवी तीनात भागते.”

“पातळ की घट्ट?”

हा प्रश्न जाणकाराचा आहे, हे उकंडरावांना लगेच कळलं. बाई साताऱ्याची असली तरी तिला समजतं. “हिरवं जास्त झालं का पातळ,” ते म्हणाले, “अन् नुसतं कुटार असलं का घट्ट. सध्या तुरीचं कुटार चालू हाय.”

कुटार म्हणजे तुरीचा भुसा, तो गुरांना घालतात. मॅडमनी आहाराच्या रकान्यात ‘कुटार, तुरीचे’ असं लिहिलं, इकडचा काही पदार्थ असेल म्हणून. मंजुषाने ते उलट्या बाजूने वाचलं आणि तिला दरदरून घाम फुटला.

“बरं, आणखी काही त्रास?”

“त्रास तांबडीचा,” उकंडराव सुस्कारा टाकून म्हणाले.

मॅडम ताठ झाल्या. “तांबडं?”

“तांबडी, हो. तीन दिवस झाले. तिच्यानंच तर एवढी घाण वाढली. आज तर पाहाटेपासून थेंब थेंब चालू हाय.”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी उकंडरावांचं मनगट धरलं. दोन जिने चढून आलेल्या आणि पंधरा दिवसांची कर्तबगारी एका दमात सांगितलेल्या माणसाची नाडी जशी चालेल, तशीच ती चालत होती. “टॅकिकार्डिया,” मॅडम म्हणाल्या. “नाडी पळतेय, तीन दिवस रक्त जातंय, चार टोपल्या होतायत, आणि हा माणूस टोपी घालून बसलाय. सलाईन आणा. खाट मोकळी करा.”

आता उकंडरावांना घाबरायला हवं होतं. पण त्यांचं गणित वेगळं होतं. मघापर्यंत कागद कोरा होता आणि आता मॅडम भराभर लिहीत होत्या. आपण बोललो आणि सूनबाईचे मार्क वाढले, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं. खाटेवर निजा म्हटलं, ते निजले. बाही वर करा म्हटलं, त्यांनी दोन्ही केल्या. दंडाला रबरी पट्टी आवळली तेव्हा त्यांनी मंजुषाकडे पाहून हळूच डोळाही मारला. त्याचा अर्थ होता, पोरी, तू काळजी नको करू.

मंजुषा दुसऱ्यांदा पुढे झाली. “मॅडम, मले एक सांगाचं होतं.”

“आता नाही.” मॅडम फोनवर होत्या. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून झाली, मग त्या मंजुषाकडे वळल्या. आवाज मऊ होता, पण शब्द कडक होते. “तुमचा पेशंट गंभीर आहे. तुमच्या घरातला माणूस आणि तुमच्या लक्षात आलं नाही. तुमची परीक्षा मी रद्द करतेय. सहा महिन्यांनी या.”

सहा महिने. एक तारखेची नोकरी, तीन महिन्यांच्या भिंती, सासऱ्याच्या हातातला खराटा, सगळं एका वाक्यात गेलं. इकडे नर्स सुई उघडत होती. मंजुषा नर्स आणि खाटेच्या मधे आली. परीक्षाच रद्द झाली, तर आता गुण कोणाचे कापणार?

“मॅडम,” ती मोठ्याने म्हणाली, “सुई थांबवा. चार टोपले माह्या सासऱ्याचे नाहीत. चार टोपले शेणाचे आहेत. तांबडी आमची गाय आहे, ती आज विणार आहे. कुटार ती खाते. आमच्याकडं गोठ्याले कोठा म्हणतात. तुमच्या पुस्तिकेतला शब्द साताऱ्यात पोटात असन, इथं त्यात गुरं बांधतात.”

नर्सने सुई हळूच पाठीमागे घेतली. मॅडमनी पुस्तिका उघडली, पान सोळा काढलं आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. ही पुस्तिका या भागात तीन वर्षं चालू होती. तीन वर्षांत किती फॉर्मांवर किती टोपल्या गेल्या असतील, हा विचार बहुतेक त्यांच्याही मनात आला असावा.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुमचाच नियम हाय, मॅडम. पेशंट बोलत असताना बोलाचं नाई.”

इनामदार मॅडम काटेकोर होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्यांनी फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स परत फिरवली, खुर्ची ओढली आणि पेन पुन्हा हातात घेतलं. “ठीक आहे. परीक्षा रद्द नाही. तुमच्या भाषेत विचारा. कळलं पाहिजे असं विचारा.”

आता खरी परीक्षा होती. शौचाला गावात म्हणतात तो शब्द मंजुषाला माहीत होता. गावात रोज वापरात होता. पण सुनेने तो सासऱ्यासमोर आजवर कधी उच्चारला नव्हता, आणि आज तर समोर मॅडम, नर्स आणि दारात पुढच्या नंबरच्या तीन मुली उभ्या. तिने पदर डोक्यावर घट्ट ओढला, नजर खाटेच्या पायावर ठेवली आणि स्वच्छ आवाजात विचारलं, “मामाजी, झाड्याले रोज होते का?”

उकंडरावांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. टोपी काढली, पुन्हा घातली. सगळ्या शरीरात काहीच न होणारा हा माणूस एकदम लहान दिसायला लागला.

“नाई,” ते पुटपुटले. “चार दिवस झाले.”

मंजुषाने चमकून वर पाहिलं. “चार दिवस? मंग सांगतलं काहून नाई?”

“कसं सांगू? तूच तर तो मानूस लावला ना दारावर.”

“कोन मानूस?”

“तो लाल. बिनाकातड्याचा.” आता बांध फुटला होता. “मी दार लावलं का तो पुढ्यात. टकामका पाहून राह्यला माह्याकडं. मी खाली पाह्यलं तरी तो पाहेच. दुपट्टा टांगला त्याच्या तोंडावर, तर त्यातून बी डोळे दिसे. असं कोनी समोर उभं असलं तर मानसाले होईन का, मॅडम, तुमीच सांगा.”

मॅडम ओठ घट्ट दाबून फॉर्मकडे पाहत होत्या.

“मंग काढून टाकाचा ना, मामाजी.”

“तुया अभ्यास होता तो. त्याले हात कसा लावू?”

“मंग वावरात जाचं.”

“वावरात?” उकंडराव दुखावले. “दोन वर्षं गावात हागनदारीमुक्तीची शिटी वाजवत मीच फिरलो ना, बाहेर जाणाऱ्यायच्या मागं. आता मीच टमरेल घेऊन निंघू?”

हा माणूस चार दिवस पोटात गोळा घेऊन फिरत होता, दिवसातून दोनदा शेण काढत होता, आणि एक कागद काढत नव्हता, कारण त्यावर सुनेचा अभ्यास होता. मंजुषाने पेन उचललं आणि तक्रारीच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं, ‘कॉन्स्टिपेशन, चार दिवस.’

“बिघाड कोणत्या संस्थेत?” मॅडमनी विचारलं.

“पचनसंस्था.”

“आणि कारण?”

मंजुषाने क्षणभर विचार केला. “स्नायुसंस्था, मॅडम.”

“उपचार?”

“चार्टेक्टॉमी.”

इनामदार मॅडमनी चष्मा काढून पुसला. तो मुळीच मळलेला नव्हता. मग त्यांनी फॉर्मवर गुण लिहिले, सही केली आणि आपल्या पुस्तिकेच्या पान सोळावरचा तो प्रश्न खोडून वर पेन्सिलीने ‘झाड्याले रोज होते का?’ असं लिहिलं. “ज्याला आपली भाषा कळत नाही, त्याचा आजार आपल्याला कळणार नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवते. एक तारखेला रुजू व्हा.”

संध्याकाळी दोघं घरी पोहोचले तेव्हा तांबडीच्या पायाशी ओली कालवड उभी राहायची खटपट करत होती. सोजरबाईंना कालवडीचाही आनंद आणि सुनेचाही. मंजुषाने पायातल्या चपलाही न काढता आधी मागे जाऊन तो लाल माणूस दारावरून काढला आणि गुंडाळी करून माळ्यावर फेकला. मग सासऱ्यासमोर इसबगोल घातलेला कोमट पाण्याचा पेला ठेवला. उकंडरावांनी तो आज्ञाधारकपणे प्यायला. घरात आता एक नर्स होती, आणि नर्सशी वाद घालायचा नसतो हे त्यांनी वाशीमला शिकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषा अंगणात रांगोळी घालत होती. मागचं दार वाजलं आणि उकंडराव आले. चाल हलकी, टोपी तिरपी, चेहऱ्यावर चार दिवसांनी सुटका झालेल्या माणसाचं तेज. ते सुनेजवळ थांबले, घसा खाकरला आणि मॅडमच्या पुस्तिकेतल्या अगदी शुद्ध भाषेत मोठ्या दिमाखाने म्हणाले, “सूनबाई, कोठा साफ झाला.”

पलीकडून कालवडीला कुरवाळणाऱ्या सोजरबाईंचा आवाज आला, “कायचा साफ झाला वं बाई? इथं तर पाय ठेवाले जागा नाई. खोटं बोलाले लाज नाई वाटत ह्या मानसाले.”

उकंडरावांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने रांगोळीत तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. एकाच शब्दाचा खुलासा दोन दिवसांत दुसऱ्यांदा होऊ द्यायची उकंडरावांची तयारी नव्हती. त्यांनी मुकाट्याने टोपी खुंटीला अडकवली, टोपलं उचललं आणि ते कोठ्याकडे चालू लागले.